बाळाच्या आंघोळीचा टब निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळंतिणीकडे येणाऱ्या मावशींचे दिवस संपतात आणि टबाचा प्रश्न उभा राहतो. सव्वा महिना रोज सकाळी कुणीतरी येऊन सराईतपणे बाळाला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून हातात देत असतं. एक दिवस ते थांबतं आणि मोरीच्या दारात बाळ घेऊन आपण एकट्याच उभ्या असतो. माझं दोन्ही बाळंतपणांत असंच झालं. त्यानंतर मैत्रिणी, भाच्या, शेजारच्या सुना जे प्रश्न विचारत आल्या, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

टब हवाच का? पायांवर न्हाऊ घालणं चुकीचं आहे का?

अजिबात चुकीचं नाही. पाटावर बसून, पाय लांब करून, दोन नडग्यांमधल्या खोबणीत बाळाला निजवायचं, ही पद्धत फार विचारातून आलेली आहे. बाळाला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, आणि मुख्य म्हणजे पाणी अंगावरून वाहून जातं, साचत नाही. टबाचा सगळ्यात मोठा धोका असतो तो साचलेल्या पाण्याचा, आणि पायांवरच्या आंघोळीत तो जवळजवळ नसतोच.

अडचण सरावाची आहे. सिझेरियनचे टाके ओले असताना, कंबर धरलेली असताना जमिनीवर पाय पसरून बसणं आणि बाळासकट उठणं जमत नाही. बाळाच्या बाबांना तर हे सहसा कुणी शिकवलेलं नसतं. अशा घरात टब खरोखर उपयोगी पडतो. मावशी चांगल्या असतील आणि येत असतील तर सहा महिने टब घेतला नाही तरी काही बिघडत नाही.

पद्धत पारंपरिक असो की टबाची, काही गोष्टी मात्र सोडाव्यात. नाका-कानात तेल घालणं, चेहऱ्यावर तांब्याने धार धरणं, टाळू दाबणं, नाक वर काढायला चिमटीत ओढणं, लव जाण्यासाठी पिठाने खसाखसा चोळणं आणि आंघोळीनंतरची धुरी. धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो, मग तो धूर ओव्याचा असला तरी.

टबात आंघोळ कधीपासून घालायची?

जन्मानंतर किमान २४ तास आंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवजात बाळ पटकन गार पडतं, आणि अंगावरचा पांढरा साईसारखा थर त्वचेचं रक्षण करत असतो, तो चोळून काढायचा नसतो. नाळ साधारण एक ते तीन आठवड्यांत गळते. ती गळून बेंबी कोरडी होईपर्यंत कोमट पाण्यात मऊ कापड पिळून अंग पुसणं पुरेसं आहे. नाळेवर तेल, हळद, राख काही लावू नये.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, तर पहिली आंघोळ कधी हे डॉक्टरांनाच विचारा. तोपर्यंत टब खोक्यातच राहू दे.

दुकानात टब हातात घेतल्यावर नेमकं काय पाहायचं?

रंग आणि बदकाचं चित्र बाजूला ठेवून टब उलटा करा. तळ रुंद आणि सपाट हवा. काही टब वर पसरट आणि खाली निमुळते असतात, ते एका बाजूला भार पडला की कलंडतात. मग सरळ ठेवून दोन्ही अंगठ्यांनी तळ दाबा. तो टपकन आत-बाहेर होत असेल तर प्लास्टिक पातळ आहे. काठावरून बोट फिरवा, साच्याची शिवण खरखरीत लागली तर तीच उद्या बाळाच्या मांडीला लागणार.

आतून पाठीच्या बाजूला उतार हवा. तान्ह्या बाळाला पूर्ण आडवंही ठेवायचं नसतं आणि बसवायचंही नसतं. तळाला, बाळाचे दोन पाय दोन बाजूंना जातील असा छोटा उंचवटा असेल तर बाळ खाली घसरत नाही. पाठ आणि बूड टेकतं तिथे घसरणं थांबवणारा रबरी किंवा खडबडीत भाग असावा. पाणी सोडायचं बूच खालच्या बाजूला असावं आणि दोरीने बांधलेलं असावं. सुटं बूच लहानसं असेल तर ते बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आकाराबद्दल एकच सांगते: आधी घरची मोरी मोजा. बरेच टब बाहेरून ७५ ते ९० सेंटिमीटर लांब असतात, आणि फ्लॅटमधल्या न्हाणीघरात कमोड, बादली आणि आपण स्वतः बसल्यावर तेवढी जागा उरत नाही. मोठा टब जास्त दिवस चालेल हा हिशेबही तितकासा खरा नाही. मोठ्या टबात तान्हं बाळ पोहत राहतं आणि धरणाऱ्याचा हात अवघडतो.

घडीचा टब घ्यावा का?

जागा कमी असेल तर घ्यावा, पण पायांचं कुलूप पाहून. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे माझा स्वतःचा अनुभव आहे.

धाकटीच्या वेळी मी घडीचा टब मागवला. चार पाय बाहेर ओढायचे, मग मधला मऊ रबरी भाग खाली दाबायचा, की टब तयार. पहिल्या दिवशी बाळाला घालण्याआधी नुसतं पाणी भरून पाहिलं. दोन बादल्या ओतेपर्यंत ठीक होता. मग मी काठावर हाताचा भार दिला, जसा बाळाला ठेवताना आपोआप देतो, आणि उजवीकडचा मागचा पाय आत वळला. टब गुडघा टेकल्यासारखा एका कोपऱ्यावर बसला आणि सगळं पाणी त्या बाजूला धावलं. पाय उघडा दिसत होता, पण शेवटचं 'खट्' झालंच नव्हतं. त्या एका पायाची खीळ सैल होती. टब परत केला, पैसे मिळायला तीन आठवडे लागले. त्या वेळी आत बाळ नव्हतं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

म्हणून नवा टब कोणताही असो, पहिली चाचणी बाळाशिवाय करा. नेहमीच्या जागी ठेवा, नेहमीएवढं पाणी भरा, चारही काठांवर आळीपाळीने भार द्या, दहा मिनिटं ठेवून बूच गळतं का पाहा. घडीच्या टबात प्रत्येक वेळी चारही पायांचा आवाज ऐका आणि पाय हाताने आत ढकलून खात्री करा. घडी पडते ती मऊ जागा कालांतराने तडकते, तिथे बोट फिरवत राहा. आणि उघडताना-मिटताना बाळाची, मोठ्या भावंडांची बोटं जवळ नकोत.

जाळीचा झोळणा, फोमची गादी, चोषकांची (चिकटून बसणाऱ्या रबरी वाट्यांची) रिंग, फुगवायचा टब... यातलं काय घ्यावं?

टबावर अडकवायची जाळी पहिल्या चार-पाच महिन्यांसाठी चांगली. बाळ पाण्याच्या पातळीशी राहतं, पाठ टेकलेली असते. हुक घट्ट आहेत का आणि जाळी सैल पडून बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे पाहायचं. मान पुढे मुडपली की श्वास अडतो. बाळ कुशीवर वळायला लागलं की जाळी बंद.

फोमची गादी मऊ लागते, पण आपल्या पावसाळ्यात ती वाळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांत कुबट वास येतो आणि आत काळे ठिपके दिसतात. मी घेतली नाही.

तळाला चोषक असलेली बसायची रिंग किंवा खुर्ची घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ती गुळगुळीत पृष्ठभागालाच धरते. आपल्या न्हाणीघरातल्या खडबडीत फरशीला ती धरतच नाही, आणि तेलकट टबात कधी सुटेल याचा नेम नाही. बाळ अडकलेल्या अवस्थेत उलटं होतं. पण खरा धोका याहून साधा आहे: बाळ नीट बसलेलं दिसतं, म्हणून मोठं माणूस टॉवेल आणायला उठतं. अमेरिकेत असे अपघात होत राहिले, म्हणून तिथे २०१० मध्ये या खुर्च्यांसाठी सक्तीचे सुरक्षा नियम आले.

फुगवायचा टब प्रवासाला नेतात. हवा कमी झाली की काठ दबतो आणि बाळ कलतं. गावी गेल्यावर त्यापेक्षा ओल्या कापडाने अंग पुसलेलं बरं.

प्लास्टिक कोणतं सुरक्षित?

तळाला तीन बाणांचा त्रिकोण असतो, त्यातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जास्त घनतेचं पॉलिएथिलीन. टबासाठी दोन्ही चांगली. ३ म्हणजे पीव्हीसी. ते मऊ करायला त्यात इतर रसायनं मिसळतात, म्हणून मी टाळते. 'बीपीए-मुक्त' हे लेबल पाहून जास्त पैसे मोजू नका. बीपीए हे रसायन मुख्यतः पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकशी जोडलेलं आहे, पॉलिप्रॉपिलीनच्या टबात ते एरवीही वापरत नाहीत. आकड्याइतकाच नाकावर विश्वास ठेवा: गरम पाणी ओतल्यावर टबाला उग्र वास येत असेल तर तो परत करा.

पाणी किती आणि किती गरम?

तान्ह्या बाळाला ५ ते ८ सेंटिमीटर पाणी पुरतं, म्हणजे साधारण तुमच्या चार बोटांची रुंदी. आतून ५० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद अशा टबात ८ सेंटिमीटर पाणी म्हणजे १२ लिटर, मोठी बादलीही भरत नाही. छाती उघडी राहून बाळ गारठतंय असं वाटलं तर पाणी वाढवू नका. मऊ मलमलचं दुपटं भिजवून पोटावर पसरा आणि त्यावर छोट्या भांड्याने कोमट पाणी सोडत राहा. बाळ लगेच शांत होतं.

एक कठोर गोष्ट सांगणं भाग आहे. बाळ बुडायला दोन इंच पाणीही पुरतं, आणि बुडताना ते ओरडत नाही, हातपायही आपटत नाही. आवाज आला की धावू, हा भरवसा खोटा आहे.

पाण्याचं तापमान ३७ ते ३८ अंश सेल्सियस, आपल्या अंगाइतकं. तापमापक असेल तर उत्तम, नसेल तर कोपर बुडवा. पाणी गरमही लागू नये, गारही लागू नये. तळहातावर जाऊ नका. गरम भांडी धरून आपल्या हाताची सवय वेगळी झालेली असते.

आता विसणाबद्दल. आपल्याकडे आधी कढत पाणी काढतात आणि मग त्यात विसण घालतात. टबासाठी हा क्रम उलटा करा. आधी गार पाणी, मग गरम, हाताने तळापासून ढवळायचं, मग कोपर. कढत पाणी आधी ओतलं की टबाचा तळ तापून राहतो, आणि विसण घालेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात मोठं भावंड हात घालतं. साठवणीच्या गिझरचं पाणी सहज ६० अंशांच्या वर जातं, आणि तेवढं गरम पाणी तान्ह्या कातडीला काही सेकंदांत खोल भाजतं. गिझरला तापमानाची कळ असेल तर ती ४९ अंशांच्या खाली ठेवा. हिशेब हवा असेल तर: ६० अंशांचं साडेचार लिटर आणि नळाचं २५ अंशांचं साडेसात लिटर मिळून १२ लिटर पाणी ३८ अंशांचं होतं. म्हणजे गरमापेक्षा गार जास्त लागतं. बाळ टबात असताना वरून गरम पाण्याची भर कधीच घालायची नाही.

विजेच्या रॉडने पाणी तापवत असाल तर बटण बंद, पिन बाहेर आणि रॉड दुसऱ्या खोलीत, मगच बाळाला आत आणा.

टब कुठे ठेवावा?

जमिनीवर. ओट्यावर, पलंगावर, स्टुलावर, धुण्याच्या मशीनवर नाही. वाकायला त्रास होतो म्हणून टब उंचावर ठेवावासा वाटतो, मला कळतं. त्यावर उपाय म्हणजे तुम्ही खाली या: ठेंगण्या पाटावर किंवा चौरंगावर बसा, गुडघ्याखाली जुनी गोधडी घ्या. थंडीत बाहेरच्या खोलीत चटईवर टब ठेवून आंघोळ घातली तरी चालते. पंखा, एसी बंद, दार लावलेलं. भरलेला टब मात्र बाळासकट किंवा बाळाशिवाय उचलायचा नाही. १२ लिटर म्हणजे १२ किलो, आणि हलणारं पाणी तोल घालवतं.

मालिशनंतर बाळ टबात सटकतं. काय करावं?

तेल लावलेलं बाळ आणि ओलं प्लास्टिक ही जोडी धोक्याचीच. मालिश झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाळाला दुपट्यात घेऊन बसा, मग कोरड्या सुती कापडाने तेल टिपून घ्या. काखा, मांड्यांचे सांधे आणि पाठ खास. आपले हातही पुसा. टबात तळाला जुन्या सुती साडीचा पातळ तुकडा अंथरला की पाठ घसरत नाही. रबरी चटईपेक्षा मला तो बरा वाटतो, रोज धुता येतो.

धरायचं कसं? डावा हात बाळाच्या मानेखालून न्या आणि पलीकडचा दंड काखेजवळ धरा, अंगठा खांद्यावर, बाकी बोटं काखेत. डोकं तुमच्या मनगटावर येतं. उजवा हात बुडाखाली. आधी पावलं पाण्यात, मग बूड, मग पाठ. पाठ टेकली की उजवा हात मोकळा होतो, डावा मात्र आंघोळ संपेपर्यंत सुटत नाही. टब फक्त पाणी धरतो, बाळाला हा हात धरतो. त्यामुळे टॉवेल, लंगोट, झबलं, साबण आधीच हाताशी हवं. फोन वाजू दे, दाराची घंटा वाजू दे. उठावंच लागलं तर बाळाला टॉवेलात घेऊन उठा.

आजी म्हणते पितळी घंगाळ आहे, टब कशाला?

घंगाळ जड असतं म्हणून कलंडत नाही, हे खरं. पण धातू लवकर तापतो, काठ कडक असतो आणि आत उतार नसतो. घंगाळात शेवटी अंगावर घ्यायचं कोमट पाणी काढून ठेवा, आजीलाही बरं वाटेल. परातीतली आंघोळ नको, परात उथळ असते आणि तिचा काठ धारदार.

बाळ बसायला लागलं की?

साधारण सहा ते आठ महिन्यांत बाळ आधाराशिवाय बसतं. मग पाणी त्याच्या कमरेपर्यंत, त्याहून जास्त नाही. या वयात धोका वाढतो, कारण बाळ काठ धरून उठू पाहतं. उभं राहायला लागलं की टबाचं काम संपलं. आता पाटावर बसवून तांब्याने आंघोळ. खेळणी द्यायची तर आयएसआय शिक्का पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना तो सक्तीचा आहे. पाणी उडवणारी पोकळ खेळणी आतून बुरशी धरतात, त्यापेक्षा स्टीलची वाटी-पेला बाळाला जास्त आवडतो. आंघोळ झाली की टब त्याच मिनिटाला रिकामा करा. दुपारच्या धुण्याला उपयोगी पडेल म्हणून पाणी ठेवायचं नाही, रांगतं बाळ तिथेच जातं. बादल्यांनाही हेच लागू.

टब स्वच्छ कसा ठेवायचा?

रोज साबणाने धुऊन, उलटा करून वाळवायचा. डाळीचं पीठ वापरत असाल तर ते बुचाच्या खाचेत बसतं आणि आंबतं. जुना दातांचा ब्रश तिथे फिरवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. ब्लीच वापरलंच तर व्हिनेगरबरोबर कधीच नाही, विषारी वायू तयार होतो.

जाऊबाईंचा जुना टब वापरू का?

तडा नसेल, रबर चिकट झालं नसेल, बूच पक्कं असेल तर खुशाल. साधा, एकसंध, बिनघडीचा टब जुना असला तरी नव्या भपकेबाज टबापेक्षा चांगला ठरतो.

मुलगी अमेरिकेत आहे, बाळंतपणाला जाते आहे. टब इथून न्यावा का?

नेऊ नका. तिथे बाळाच्या टबांना २०१७ पासून सक्तीचं मानक लागू आहे, युरोपातही त्यासाठी स्वतंत्र मानक आहे. तिथलाच घ्या. एक फरक लक्षात ठेवा: तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी मोरी नसते, सांडलेलं पाणी मुरतं आणि फरशी निसरडी होते. पाटावर बसून पायांवर न्हाऊ घालायची सवय असेल तर ती मोठ्या बाथटबच्या आत, रिकाम्या टबात, खाली चटई घालून करता येते. पण उठताना बाळ आधी दुसऱ्याच्या हातात द्या.

टबात घातलं की बाळ अंग ताठ करून रडतं. टब चुकला का?

बहुधा नाही. तान्ह्या बाळाला एकदम मोकळं सोडलं की पडल्यासारखं वाटतं, हात उघडतात आणि ते दचकतं. त्याला मलमलच्या दुपट्यात सैल गुंडाळूनच पाण्यात ठेवा. एक हात सोडवा, धुवा, परत झाका. मग दुसरा. मग पाय. आमची धाकटी तीन आठवडे अशीच न्हायली, दुपट्याचं टोक मुठीत घट्ट धरून. एके सकाळी तिने ते टोक सोडलं आणि पाण्यावर हात आपटला. पहिल्या शिंतोड्याने दचकली, दुसऱ्याने नाही.